चढावरचं पेट्रोल

स्पार्क प्लग काढून कागदावर ठेवला तेव्हा त्याच्या टोकाजवळच्या पांढऱ्या भागावर बारीक चमकणारे ठिपके दिसले. मिरपूड शिंपडावी तसे, फक्त रुपेरी. भिंग धरल्यावर शंका उरली नाही. ते ॲल्युमिनियम होतं, आणि त्या जागी ॲल्युमिनियम येतं ते पिस्टनवरून.

"तीन नंबरचा पिस्टन खाल्ला जातोय," मी म्हणाले.

दिपेश हात पुसत उभा होता. हा माझा धाकटा भाऊ. कळव्यात खाडीकडे उतरणाऱ्या गल्लीत त्याचं गॅरेज आहे. लोखंड तो बघतो, लॅपटॉप मी बघते. मी कल्याणच्या एका कॉलेजात फिजिक्सची प्रात्यक्षिकं घेते आणि सुट्टीच्या दिवशी त्याच्याकडे येणाऱ्या गाड्यांचं मॅपिंग करते.

"परत?" त्याने विचारलं.

"परत नाही. थांबलेलंच नाही."

त्याने फडकं खांद्यावर टाकलं. मग म्हणाला, "ताई, आधीच सांगून ठेवतो. हे इंजिन बसलं तर मी उघडणार नाही. उघडून काय करू? सिलिंडरचा बोअर शेवटच्या साइझला आहे, याच्यापुढे घासायला भिंतच उरलेली नाही. दुसरं टाकायचं तर आरटीओची कटकट. गाडीची पंधरा वर्षं भरत आलीत. कोण पास करणार?"

"बाबांना सांगितलंस?"

"तू सांग. माझं ऐकतात का ते?"

व्हॅन बाबांची. बाबा, म्हणजे भिवाजी, आधी खाडीत मासे मारायचे. मग जाळ्यात पिशव्या आणि काळा गाळ जास्त येऊ लागला, मासळी कमी. होडी विकून त्यांनी ही जुनी व्हॅन घेतली. रोज पहाटे भाऊच्या धक्क्यावरून मासळी आणि बर्फ भरायचा, माजिवड्याला गाडीत सीएनजी गॅस घ्यायचा, मुंब्रा बायपासचा चढ चढून डोंबिवलीच्या बाजारात उतरवायचं. तिथे आईची बसायची जागा आहे. आधी ती आजीची होती. आजूबाजूच्या दोघीतिघींची मासळीही बाबाच आणतात.

बाजारातल्या जागेचा एक न लिहिलेला नियम आहे. बाई वेळेवर बसली तर जागा तिची. उशीर झाला की शेजारीण आपली पाटी थोडी सरकवते, सहज, गिऱ्हाईक अडू नये म्हणून. रोज सरकली की ती सरकलेलीच राहते. त्यामुळे व्हॅन बंद पडली तर बाबांचं काम जाणार आणि मागोमाग आईची जागाही. घरात हे मोठ्याने कुणी बोलत नव्हतं, पण जेवताना बाबा खोकले तरी आई विचारायची, "गाडी बरी आहे ना?"

हे इंजिन आम्हीच आतून बदललेलं. गॅसवर गाडीची ताकद थोडी मरतेच. बर्फाने भरलेली व्हॅन बायपासच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये रडत चढायची आणि मागून ट्रेलर हॉर्न मारत यायचे. बर्फाचं पाणी मागच्या दारातून रस्त्यावर गळायचं. दीड वर्षापूर्वी बाबा गॅरेजमध्ये येऊन खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "तुम्ही दोघं लोकांच्या पोरांच्या गाड्या पळवता. बापाची कधी पळवणार?"

सिलिंडरमध्ये भरलेली हवा, पिस्टन वर आल्यावर, किती पट लहान जागेत कोंडली जाते, तो आकडा म्हणजे कॉम्प्रेशन रेशो. व्हॅन कंपनीतून आली तेव्हा तो दहाच्या थोडा आत होता. जास्त कोंडलं तर तेवढ्याच इंधनातून जास्त काम मिळतं. पण कोंडलेली हवा तापते, आणि तापलेल्या हवेत पेट्रोल ठिणगीची वाट न बघता आपणहून पेटतं. ते वेळेआधी फुटतं तेव्हा पिस्टन अजून वर येत असतो. त्याच्या डोक्यावर हातोडा बसतो. यालाच नॉक म्हणतात. सीएनजीचं तसं नाही. तो चिवट आहे, ठिणगी पडेपर्यंत गप्प राहतो. म्हणून दिपेशने हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, घासून घेतलं, पातळ गॅस्केट टाकली आणि रेशो बाराच्या जवळ नेला. गाडीत पेट्रोलची टाकी होती, पण इंजिन आता गॅसचं झालं होतं.

मॅप मी दोन केले. मॅप म्हणजे एक तक्ता. एका बाजूला इंजिनाचा वेग, दुसऱ्या बाजूला त्याच्यावरचा भार, आणि प्रत्येक चौकटीत दोन गोष्टी: इंधन किती आणि ठिणगी किती आधी. गॅस सावकाश जळतो, त्याला ठिणगी लवकर द्यावी लागते. तो मॅप मी बाबांच्या शेजारी बसून, लॅपटॉप मांडीवर घेऊन, बायपासवर वरखाली करत चौकट चौकट भरला. पेट्रोलचा मॅप फक्त गाडी चालू होण्यापुरता, आणि गॅस संपलाच तर रखडत घरी येण्यापुरता. त्यात ठिणगी जितकी मागे, म्हणजे उशिरा, ओढता येईल तेवढी ओढून ठेवली. तरी भरलेल्या गाडीने चढावर पेट्रोल मागितलं तर या रेशोला कुठलाच मॅप वाचवू शकत नाही, हे मला माहीत होतं.

पेट्रोल कायमचं तोडता येत नव्हतं. माजिवड्याच्या पंपावर कधी गॅसच नसतो, कधी प्रेशर नसतं. पेट्रोलवर भार आला की इंजिनाची ताकद आपोआप कापावी, हाही विचार केला. मग मागून येणारा ट्रेलर डोळ्यांसमोर आला आणि तो विचार सोडला. शेवटी बझर लावला. पेट्रोलवर असताना पाय जास्त दाबला की तो वाजेल आणि बाबा पाय उचलतील.

बाबांना समोर बसवून सांगितलं. "पेट्रोलवर फक्त चालू करायची. गॅसवर गेली की त्या बटणाला हात लावायचा नाही."

"बरं."

"बझर वाजला तर पाय वर. आणि चढावर तर पेट्रोल अजिबात नाही."

"बरं बोललो ना गो."

पहिल्याच दिवशी व्हॅन तो चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढली. बाबांनी एका ट्रेलरला मागे टाकलं आणि टाकताना मुद्दाम लांब हॉर्न दिला. बाजारात आई त्यांना बघून म्हणाली, "आज बर्फ बर्फच आहे? कुणाचा चोरलात?" बाबांनी दुपारी मला फोन करून हे दोनदा सांगितलं.

वर्षभर ठीक चाललं. मग दिवाळीच्या सुमारास बाबा म्हणाले, आवाज बदललाय. प्लग काढला, त्यावर पहिले ठिपके दिसले. मी विचार केला तो असा: नॉक गॅसवर व्हायला नको, होत असेल तर गॅस कमी पडत असणार. पंपावरचं प्रेशर हल्ली कमीच असतं, मिश्रण पातळ होत असेल. म्हणून गॅस थोडा वाढवला आणि ठिणगी दोन अंश मागे घेतली. त्याने ताकद थोडी जाते, पण इंजिन वाचतं. पुढच्या वेळी ठिपके वाढलेले. आणखी मागे घेतली. रेग्युलेटर बदलला, गॅसचे इंजेक्टर तपासले, सगळे ठीक निघाले. ठिपके वाढतच गेले. जितकं सावरावं तितकं बिघडत होतं.

मी मुलांना सांगते, दुरुस्ती केल्यावर चूक वाढत असेल तर तुम्ही भलतीच गोष्ट दुरुस्त करताय. म्हणून त्या रविवारी, दिपेशने ते शेवटचं सांगितल्यावर, मी बाबांबरोबर जायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माजिवड्याला पंपावर थांबले. धक्क्यावरून बाबा आले ते रांगेत लागले. त्यांची खिडकी उघडी होती, कोपर बाहेर. नळी लावणारा बंटी त्यांना रोज बघणारा.

"काका, आज मॅडम चेकिंगला?"

"माझीच पोरगी. डॉक्टर हाय गाडीची."

"मग गाडी आजारी आहे म्हणा की."

"तू गॅस भर. प्रेशर दे जरा, पाणी नको देऊ."

मी इंजिनाच्या ब्लॉकवर एक छोटा मायक्रोफोन बसवला, त्याची वायर आत घेतली आणि हेडफोन लावले. नॉक कानाला बाहेरून ऐकू येतो तोपर्यंत बरंच काही होऊन गेलेलं असतं. आतून तो आधी ऐकू येतो.

खारेगावपर्यंत इंजिन स्वच्छ होतं. मागे बर्फ खळखळत होता, मासळीचा वास सीटच्या फोममध्ये कायमचा मुरलेला. बाबा नेहमीपेक्षा सरळ बसले होते, परीक्षेला बसल्यासारखे. बायपासचा चढ सुरू झाला. लॅपटॉपवर आकडे मी लिहिले होते तिथेच होते. कानात एकसारखी घरघर, दुसरं काही नाही. गाडी मात्र थकलेली होती. दुसऱ्या गिअरवर यावं लागलं. मागे एक ट्रेलर लागला.

मी बाबांकडे बघितलं. त्यांची नजर पुन्हा पुन्हा स्टिअरिंगशेजारच्या गॅस-पेट्रोलच्या बटणाकडे जात होती.

"बाबा, मी शेजारी आहे म्हणून वेगळी चालवू नका. रोज चालवता तशी चालवा. तरच कळेल मला."

"रोजच्यासारखी?"

"अगदी तशी."

"मग रागवायचं नाय."

त्यांनी बटण दाबलं. गॅसचा हिरवा दिवा गेला, लाल लागला. मग त्यांनी पाय पूर्ण दाबला. बझर वाजायला लागला, आणि बाबा माझ्याकडे बघून हसले.

हेडफोनमध्ये पत्र्याच्या डब्यात खिळे टाकून कुणी हलवावेत तसा आवाज आला. मी हेडफोन ओढून काढले.

"पाय उचला! बाबा, पाय!"

"मागे ट्रेलर हाय गो, कुठं उचलू?"

मी हात लांब करून बटण दाबलं. हिरवा दिवा लागला, बझर थांबला. त्याच वेळी इंजिनातून एकच आवाज आला, सुकी फांदी मोडावी तसा. गाडी हिसके देऊ लागली. आरशात निळसर धूर दिसला. ट्रेलरवाल्याने हॉर्न दिला आणि आम्हाला घासून पुढे गेला.

वर रस्ता थोडा रुंद होतो तिथे बाबांनी गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं नाही. चारपैकी तीन सिलिंडरवर ते लंगडत चालू होतं आणि ऑइलच्या झाकणाशी धूर येत होता. खाली मुंब्रा दिसत होतं, त्याच्यापलीकडे खाडी.

"असं रोज करता?" मी विचारलं.

"आधी रविवारचं करायचो. दसऱ्यापासून."

"मी सांगितलं होतं ना?"

"सांगितलेलंस. म्हणून तर तुझ्यासमोर नाय केलं कधी. तुला वाईट वाटलं असतं." ते हात स्टिअरिंगवर ठेवून पुढे बघत होते. "रांगेत सगळे ड्रायव्हर बोलतात. गॅसच्या गाडीला आठवड्याला थोडं पेट्रोल पाजायचं, नायतर ती सुकते."

साध्या गाडीसाठी हे खोटं नाही. पेट्रोलचा पंप आणि इंजेक्टर न वापरता राहिले की अडकतात. पण तेव्हा गाडी सपाट रस्त्यावर असते आणि रेशो दहाच्या आत असतो.

"पण चढावर कशाला?"

"तिथं तिचा श्वास मोठा होतो. होडीचं तसंच होतं. आठवडाभर खाडीत हळू चालवलं की इंजिन काजळी धरायचं. मग खाडीच्या तोंडाशी न्यायचं, ओहोटीच्या उलट, आणि पूर्ण ताणायचं. काळा धूर निघायचा, सगळी घाण जायची. मग घंटेसारखं वाजायचं. माझ्या बापानं शिकवलेलं."

"ते डिझेल होतं, बाबा."

"इंजिन ते इंजिन."

"आणि रविवारचं रोज कधीपासून झालं?"

"दिवाळीनंतर. थकायला लागली ना ती. तू बघायचीस, लॅपटॉप लावायचीस, आणि दुसऱ्या दिवशी ती आणखी थकलेली. मी बोललो, बिचारी सुकतेय. वाढवलं मग."

मी मनात तारखा लावून बघितल्या. पहिले ठिपके त्यांच्या रविवारच्या पेट्रोलने पडले होते. ते बघून मी ठिणगी मागे घेतली होती. त्याने गाडी थकली. गाडी थकली म्हणून त्यांनी पेट्रोल वाढवलं. पेट्रोलने ठिपके वाढले, मी आणखी मागे घेतली. आम्ही दोघं एकाच इंजिनाला दोन बाजूंनी सांभाळत होतो.

"आणि बझर?" मी विचारलं. "तो वाजायचा ना?"

"वाजायचा की. तो वाजला की कळायचं, पेट्रोल नीट पोचलं. मी बोललो, पोरीनं बरं लावलंय. कळतं तरी."

शीळ फाट्यावरून डोंबिवलीपर्यंत आम्ही गाडी कशीबशी नेली. सिग्नलला ती बंद पडायची, बाबा पुन्हा चालू करायचे. बाजारात पोचलो तेव्हा गर्दी ओसरायला लागली होती. आईच्या शेजारी बसणाऱ्या कलावती मावशींची पाटी अर्धी आईच्या जागेत आलेली. आई कडेला उभी होती, कमरेवर हात ठेवून.

"आलात?" ती म्हणाली. "मला वाटलं, मासे स्वतःच पोहत येतायत."

मग तिने धूर बघितला आणि पदर खोचला. बर्फ उतरवायला लागली. कलावती मावशींनी पाटी मागे घेतली. पूर्ण नाही घेतली.

गाडी गॅरेजमध्ये आणल्यावर दिपेशने तीन नंबरच्या प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा आत सोडला. पडद्यावर पिस्टनची कड दिसली. रिंगा जिथे बसतात तिथला तुकडा उडालेला होता आणि सिलिंडरच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत खोल रेघ ओढलेली होती. त्या तुकड्याने ओढलेली. त्याने कॅमेरा बाहेर काढला, वायर गुंडाळली, डबीत ठेवली.

"झालं," तो म्हणाला.

बाबा खुर्चीवर बसले होते. "रिंगा बदल."

"रिंगा कशात घालू, बाबा? भिंत चिरलीय. सांगितलं होतं ना ताईने? एवढं एक बटण! एक बटण दाबू नका, इतकंच तर सांगितलं होतं!"

"ओरडू नको. मी पाजलं नसतं तर ती आधीच बसली असती. थकत होती, तिला विचार."

दिपेश माझ्याकडे वळला. "सांग की तू. नीट सांग त्यांना."

मला वाटलं, नीट सांगितलं तर कळेल. कोपऱ्यात सायकलचा हवेचा पंप होता. मी तो बाबांच्या हातात दिला, त्याच्या तोंडावर माझा अंगठा दाबून धरला आणि म्हणाले, "दाबा. जोरात." त्यांनी चारपाच वेळा दाबला. मग मी त्यांचं बोट पंपाच्या खालच्या भागाला लावलं. तो भाग चांगला तापला होता.

"हवा कोंडली की तापते," मी म्हणाले. "आपण इंजिनात आधीपेक्षा जास्त कोंडली. म्हणून चढ चढत होती ती. पण एवढ्या तापलेल्या हवेत पेट्रोल वेळेआधी पेटतं, पिस्टन वर येत असतानाच. प्रत्येक वेळी पिस्टनवर ठोका. गॅस तसं करत नाही. ती थकत होती ते पेट्रोल कमी पडून नाही. तुम्ही पेट्रोल दिलं त्याच्या खुणा मला दिसायच्या, आणि तिला वाचवायला मी तिची ताकद कमी करायचे."

बाबांनी सगळं ऐकलं. पंपावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं.

"हवा भरली की पंप तापतो," ते म्हणाले. "लहानपणापासून बघतोय. त्यात काय?" मग माझ्या चेहऱ्याकडे बघून आवाज मऊ करून म्हणाले, "तुझं काय चुकलं नाय गो. मशीन हाय, जाते कधी तरी. उलट पेट्रोलनं इतके दिवस खेचली."

ते मला समजावत होते. मी पंप जागेवर ठेवला. अजून एखादं उदाहरण असेल का, याचा मी नंतरही बराच विचार केला. शिकवणाऱ्याला वाटतं की मांडणी चुकली असेल. पण मांडणीत काही चुकलेलं नव्हतं. त्यांच्या हातात उभं आयुष्य चाललेलं एक इंजिन होतं, आणि माझ्याकडे एक तक्ता.

मग आईची मासळी दुसऱ्यांच्या टेम्पोतून यायला लागली. टेम्पोवाला आधी कल्याणला उतरवायचा, मग डोंबिवलीला. ती बसायची तेव्हा चांगली गिऱ्हाइकं येऊन गेलेली असायची. कलावती मावशींची पाटी आधी अर्धा हात आत आली, मग एक हात. मावशी वाईट नाहीत. त्या आईला म्हणाल्या, "आवडाबाई, तू आलीस की सरकते ना मी." आणि खरंच थोड्या सरकायच्या. पुढे आई एक दिवसाआड जायला लागली. मग एका दुपारी ती लवकर घरी आली, विळी घासून धुतली, पुसली, पात्याला तेल लावलं आणि कपाटावर ठेवली. रोज वापरायच्या विळीला कुणी तेल लावत नाही. मी बघितलं, तिनेही मी बघितलेलं बघितलं. "कालवण गरम करू?" तिने विचारलं.

व्हॅन गॅरेजबाहेर, गल्लीच्या तोंडाशी उभी आहे. भंगारवाला दोनदा विचारून गेला. दिपेश त्याला द्यायला तयार आहे. त्याने भिवंडीच्या एका गोदामात गाड्या सांभाळायचं काम धरलंय, गॅरेजचं शटर फक्त रविवारी उघडतं. बाबा घरी असतात. सकाळी अजून त्याच वेळी उठतात, चहा पितात, आणि मग उजेड व्हायची वाट बघत बसतात.

एका रविवारी ते माझ्याजवळ आले. हातात प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल होतं.

"एवढं कर," ते म्हणाले. "चालू होऊ दे नुसती. उभी राहिली की मरते गाडी."

"आता काय मरायचं राहिलंय तिचं?" दिपेश आतून म्हणाला.

"तू गप. मी तुला नाय सांगत."

मी लॅपटॉप आणला. तीन नंबरच्या सिलिंडरचं इंधन पूर्ण शून्य केलं, म्हणजे तिथे काही पेटणार नाही आणि चिरलेल्या भिंतीवर ताण कमी येईल. उरलेल्या तिघांसाठी पेट्रोलचा मॅप नव्याने लिहिला, फक्त रिकाम्या, उभ्या गाडीपुरता. पूर्ण तक्त्यात खालच्या कोपऱ्यातल्या थोड्याच चौकटी लागल्या. बाकीच्या, चढाच्या, भाराच्या, मी आधीच्याच आकड्यांसकट तशाच सोडल्या. तिथे ही गाडी पुन्हा जाणार नव्हती.

बाबांनी बाटली टाकीत ओतली, आत बसले आणि चावी फिरवली. दोनतीनदा अडखळून इंजिन लागलं. सगळी व्हॅन थरथरत होती, दार खडखडत होतं, मागून निळा धूर गल्लीत पसरला. समोरच्या बाईने खिडकी लावून घेतली. बाबांनी काच खाली केली, कोपर बाहेर काढलं आणि पाय दाबला.

बझर वाजला.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, चढावर बघितलं होतं तसंच. "बघ," ते म्हणाले. "पितेय."

मी पडद्याकडे बघितलं. तिन्ही सिलिंडरचे आकडे ठीक होते. गाडी उभी होती, भार शून्य होता, त्यामुळे काहीच बिघडत नव्हतं.